बोल्ट-छिद्रांचे प्रारूपण (पोलादी संरचना)

पोलादी इमारती, पूल, मनोरे व कारखान्यांचे सांगाडे यांचे संकल्पन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बोल्टसाठी पाडावयाच्या छिद्रांची जागा, आकार, प्रकार आणि त्यांमुळे घटकाच्या बळात होणारी घट यांची नोंद करण्याच्या प्रक्रियेला बोल्ट-छिद्रांचे प्रारूपण असे म्हणतात. ही प्रक्रिया एकाच ठिकाणी पूर्ण होत नाही. संरचनेचे विश्लेषण करणारे सॉफ्टवेअर, जोडणीचे संकल्पन करणारे सॉफ्टवेअर, कार्यशाळेसाठी रेखाचित्रे तयार करणारे सॉफ्टवेअर आणि प्रत्यक्ष छिद्र पाडणारे संगणक-नियंत्रित यंत्र अशा चार टप्प्यांतून एकच छिद्र जात असते. प्रत्येक टप्प्यावर त्याचे रूप वेगळे असते. पहिल्या टप्प्यात ते बहुधा दिसतच नाही, दुसऱ्यात ते सूत्रातील एक संख्या असते, तिसऱ्यात त्रिमितीय आकृती असते आणि चौथ्यात निर्देशांकांची एक ओळ असते. या चार रूपांत एकवाक्यता न राहिल्यास गणितात सुरक्षित ठरलेला सांधा प्रत्यक्षात दुर्बळ ठरू शकतो, किंवा जागेवर आणलेले भाग एकमेकांना जुळत नाहीत.

## पार्श्वभूमी

बोल्टपूर्वीच्या काळात पोलादी व लोखंडी संरचना रिव्हेटने जोडल्या जात. १८८९ साली पूर्ण झालेल्या पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यात सुमारे २५ लाख रिव्हेट आहेत. तापवलेला रिव्हेट ठोकल्यावर फुगतो आणि छिद्र जवळजवळ पूर्ण भरतो, त्यामुळे छिद्र व जोडसाधन यांच्यातील पोकळीचा प्रश्न तेव्हा फारसा येत नसे. मात्र छिद्रामुळे पट्टीची रुंदी कमी होते, ही बाब रिव्हेटच्या काळातही अभियंत्यांना ठाऊक होती. नागमोडी मांडणीच्या छिद्रांसाठी निव्वळ रुंदी कशी मोजावी याचा सोपा नियम व्ही. एच. कॉक्रेन यांनी १९२२ साली मांडला. तो आजही जगातील अनेक मानकांत वापरला जातो.

१९३४ साली ब्रिटनमध्ये बॅथो व बेटमन यांनी उच्चबल बोल्ट घट्ट आवळून केवळ घर्षणाच्या जोरावर सांधा टिकवता येतो असे दाखवले. १९४७ साली अमेरिकेत रिव्हेट व बोल्टच्या सांध्यांवर संशोधन करणारी परिषद स्थापन झाली आणि १९५१ साली उच्चबल बोल्टविषयीचे तिचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध झाले. त्यानंतर रिव्हेट हळूहळू मागे पडला. बोल्ट छिद्रातून सहज सरकावा यासाठी छिद्र बोल्टपेक्षा थोडे मोठे ठेवावे लागते. ही थोडीशी जागा म्हणजेच मोकळीक. छिद्रांच्या प्रारूपणातील बहुतेक प्रश्न या एक ते तीन मिलिमीटरच्या मोकळिकीभोवती फिरतात.

भारतात पोलादी संरचनांसाठीचे प्रमुख मानक आयएस ८०० हे आहे. ते प्रथम १९५६ साली निघाले व १९६२, १९८४ आणि २००७ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. २००७ च्या आवृत्तीने मर्यादा-अवस्था पद्धती स्वीकारली. या लेखातील आकडेमोड त्याच आवृत्तीला धरून आहे.

## छिद्रांचे प्रकार

आयएस ८०० : २००७ मध्ये छिद्रांचे चार प्रकार मानले आहेत : प्रमाण छिद्र, मोठे छिद्र, आखूड खाचछिद्र आणि लांब खाचछिद्र. बोल्टच्या नाममात्र व्यासात मिळवावयाची मोकळीक मिलिमीटरमध्ये पुढीलप्रमाणे आहे.

| बोल्टचा व्यास | प्रमाण छिद्र | मोठे छिद्र | आखूड खाचेची लांबी |
|---|---|---|---|
| १२ ते १४ | १ | ३ | ४ |
| १६ ते २२ | २ | ४ | ६ |
| २४ | २ | ६ | ८ |
| २४ पेक्षा अधिक | ३ | ८ | १० |

लांब खाचछिद्राची लांबी बोल्टच्या व्यासाच्या २.५ पटींच्या हिशेबाने ठरते. खाचेची रुंदी दोन्ही प्रकारांत प्रमाण छिद्राएवढीच असते. उदाहरणार्थ, एम२० म्हणजे २० मिमी व्यासाच्या बोल्टसाठी प्रमाण छिद्र २२ मिमीचे, मोठे छिद्र २४ मिमीचे आणि आखूड खाच २२ गुणिले २६ मिमीची होते.

विजेच्या पारेषण मनोऱ्यांत वेगळी पद्धत आहे. तेथे आयएस ८०२ नुसार छिद्र बोल्टपेक्षा १.५ मिमी मोठे ठेवतात. म्हणून १६ मिमीच्या बोल्टसाठी मनोऱ्यात १७.५ मिमीचे, तर इमारतीत १८ मिमीचे छिद्र आढळते. सॉफ्टवेअरमधील छिद्रांची यादी कोणत्या मानकावर आधारित आहे हे पाहणे यासाठी आवश्यक ठरते. मानकेही बदलत असतात. अमेरिकेच्या पोलाद बांधकाम संस्थेने २०१६ च्या आवृत्तीत १ इंच व त्याहून जाड बोल्टसाठी प्रमाण छिद्राची मोकळीक १/१६ इंचावरून १/८ इंच केली. जुनी यादी तशीच ठेवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असा बदल आपोआप उमटत नाही.

## छिद्रामुळे बळावर होणारे परिणाम

### ताणाखालील घटक

ताण घेणाऱ्या पट्टीचे दोन प्रकारे परीक्षण करतात. पहिले परीक्षण संपूर्ण छेदाच्या पराभवाचे असते. ज्या प्रतिबलाला पोलाद कायमचे लांबू लागते त्याला पराभव प्रतिबल म्हणतात. वर्गात व कार्यशाळेत त्याचे ‘यील्ड’ हेच नाव रूढ आहे. दुसरे परीक्षण छिद्रातून जाणाऱ्या निव्वळ छेदाच्या तुटण्याचे असते. या दोहोंपैकी जे बळ कमी भरेल ते पट्टीचे संकल्पन-बळ होय.

१५० मिमी रुंद व १० मिमी जाड पट्टी घेऊ. पोलादाचे पराभव प्रतिबल २५० आणि तुटण्याचे अंतिम प्रतिबल ४१० न्यूटन प्रति चौरस मिमी आहे. संपूर्ण छेदाचे क्षेत्रफळ १५०० चौ. मिमी असल्याने १.१० हा सुरक्षा-गुणक धरता पराभवाचे बळ ३४०.९ किलोन्यूटन येते. पट्टीच्या एका ओळीत २२ मिमीचे एकच छिद्र असल्यास निव्वळ क्षेत्रफळ १२८० चौ. मिमी होते. ०.९ हा गुणक व १.२५ हा सुरक्षा-गुणक वापरून तुटण्याचे बळ ३७७.९ किलोन्यूटन मिळते. ते पराभवाच्या बळापेक्षा अधिक असल्याने छिद्रामुळे पट्टीचे बळ मुळीच कमी होत नाही.

त्याच ओळीत दोन छिद्रे आली की चित्र बदलते. निव्वळ क्षेत्रफळ १०६० चौ. मिमी आणि तुटण्याचे बळ ३१२.९ किलोन्यूटन होते. आता निर्णायक बळ हेच ठरते आणि पट्टी सुमारे ८ टक्क्यांनी दुबळी होते. हीच छिद्रे थेट पंच करून पाडली असतील, तर पंचाच्या दाबाने कडेचे पोलाद बिघडते म्हणून हिशेबात छिद्राचा व्यास २ मिमीने वाढवून धरण्यास मानक सांगते. तसे केल्यास बळ ३०१.१ किलोन्यूटनपर्यंत उतरते.

या पोलादासाठी निव्वळ व संपूर्ण क्षेत्रफळांचे सीमारेषेवरील गुणोत्तर सुमारे ०.७७ येते. निव्वळ क्षेत्रफळ संपूर्ण क्षेत्रफळाच्या ७७ टक्क्यांहून अधिक राहिल्यास छिद्रे पट्टीच्या ताणबळात उणीव आणत नाहीत. त्याखाली गेल्यास आणतात. ‘छिद्रांचा विचार करावा काय’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच सरसकट होय किंवा नाही असे देता येत नाही.

छिद्रे नागमोडी असतील तर तुटण्याची रेषा तिरकी जाऊ शकते. कॉक्रेन यांच्या नियमानुसार अशा प्रत्येक तिरक्या टप्प्यासाठी लांबीच्या दिशेतील अंतराच्या वर्गाला आडव्या अंतराच्या चौपटीने भागून येणारी लांबी निव्वळ रुंदीत मिळवतात. वरील पट्टीत आडवे अंतर ७० मिमी आणि लांबीच्या दिशेतील अंतर ४० मिमी ठेवल्यास १६०० भागिले २८० म्हणजे ५.७ मिमी परत मिळतात. निव्वळ रुंदी १११.७ मिमी आणि बळ ३२९.८ किलोन्यूटन होते. छिद्रांची संख्या तीच असूनही केवळ मांडणी बदलल्याने सुमारे १७ किलोन्यूटनचा लाभ होतो.

### दाब व नमन

दाबाखालील घटकात बोल्टने भरलेले छिद्र वजा करण्याची गरज नसते, कारण दाब बोल्टच्या दांड्यामार्फत पलीकडे जाऊ शकतो. रिकामे राहिलेले छिद्र मात्र वजा करावे लागते. उभारणीसाठी तात्पुरती पाडलेली आणि नंतर उघडीच राहिलेली छिद्रे याच वर्गात मोडतात. तुळईच्या ताणाकडील पाखात छिद्रे असल्यास निव्वळ व संपूर्ण क्षेत्रफळांचे तेच ०.७७ चे गुणोत्तर लागू होते. त्यापेक्षा अधिक असल्यास छिद्रांकडे दुर्लक्ष करण्यास मानकाची मुभा आहे.

### कडेवरील दाब आणि तुकडा निखळणे

बोल्टचा दांडा छिद्राच्या कडेवर टेकून बल देतो. कडा जवळ असेल तर पोलाद फाटते, दूर असेल तर ते चिरडत जाते. आयएस ८०० मध्ये हा परिणाम एका गुणकाने दाखवतात. कडेपर्यंतचे अंतर भागिले छिद्रव्यासाची तिप्पट, बोल्टमधील अंतर भागिले छिद्रव्यासाची तिप्पट उणे ०.२५, बोल्ट व पट्टी यांच्या अंतिम प्रतिबलांचे गुणोत्तर आणि १ या चारांपैकी सर्वांत लहान मूल्य म्हणजे हा गुणक होय.

एम२० चा ४.६ वर्गाचा बोल्ट, १० मिमी जाड पट्टी, ४० मिमी कडा-अंतर, बोल्टमध्ये ६० मिमी अंतर आणि २२ मिमीचे छिद्र असता हा गुणक ०.६०६ आणि कडेवरील दाबाचे बळ ९९.४ किलोन्यूटन येते. जागेवर जुळणी सोपी व्हावी म्हणून कोणी छिद्र २४ मिमीचे केले, तर गुणक ०.५५६ वर येतो. शिवाय मोठ्या छिद्रासाठी ०.७ ने गुणावे लागते. बळ ६३.८ किलोन्यूटन राहते, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक घट होते. कातरून कापलेल्या कडेसाठी किमान कडा-अंतर छिद्रव्यासाच्या १.७ पट हवे. २२ मिमीच्या छिद्राला ते ३७.४ मिमी पुरते, २४ मिमीच्या छिद्राला ४०.८ मिमी लागते. म्हणजे ४० मिमीचे अंतर या दुसऱ्या कसोटीतही उतरत नाही. यंत्राने कापलेल्या किंवा करवतीच्या कडेसाठी १.५ पट चालत असल्याने ३६ मिमी पुरले असते. यावरून छिद्राचा प्रकार बदलणे हा केवळ रेखाचित्रातील फेरफार नसून संकल्पनातील फेरफार आहे, हे स्पष्ट होते.

याखेरीज बोल्टच्या संपूर्ण गटाभोवतीचा तुकडा एकत्र निखळण्याची शक्यता तपासावी लागते. अभियंते याला ‘ब्लॉक शिअर’ म्हणतात. यात तुकड्याच्या एका बाजूला ताण आणि दुसऱ्या बाजूला कर्तन असते. छिद्रांची नेमकी जागा ठाऊक असल्याखेरीज हे परीक्षण करता येत नाही.

### घर्षणाचे सांधे

उच्चबल बोल्ट आवळून केलेल्या सांध्यात बल घर्षणाने जाते. तेथेही छिद्राचा प्रकार महत्त्वाचा असतो. प्रमाण छिद्रासाठी १, मोठ्या छिद्रासाठी व आखूड खाचेसाठी ०.८५, खाचेला काटकोनात बल असलेल्या लांब खाचेसाठी ०.८५ आणि खाचेच्या दिशेने बल असल्यास ०.७ असा गुणक घर्षणबळाला लावतात.

## प्रारूपणाचे स्तर

### विश्लेषणाचे प्रारूप

स्टाडसारख्या विश्लेषण-सॉफ्टवेअरमध्ये तुळई, खांब किंवा तिरका घटक एका रेषेने दाखवला जातो. या रेषेला छेदाचे गुणधर्म दिलेले असतात, पण छिद्रे नसतात. हे दोष मानण्याचे कारण नाही. छिद्रांनी व्यापलेली लांबी एकूण लांबीच्या मानाने अल्प असल्याने घटकाच्या ताठरपणावर व बलांच्या वाटपावर त्यांचा परिणाम नगण्य असतो. बळावर होणारा परिणाम मात्र नगण्य नसतो. म्हणून अशा सॉफ्टवेअरमध्ये निव्वळ छेदासाठी एक वेगळा गुणक देण्याची सोय असते. हा गुणक १ असाच राहू दिला, तर सॉफ्टवेअर पट्टीला एकही छिद्र नाही असे समजून तपासणी करते आणि पटलावर ‘सुरक्षित’ असा निर्वाळा देते. वरील उदाहरणातील दोन छिद्रांच्या पट्टीसाठी हा गुणक १०६० भागिले १५०० म्हणजे ०.७१ असावयास हवा.

खाचछिद्रांच्या बाबतीत विश्लेषणातील गृहीतक अधिक काळजीपूर्वक ठरवावे लागते. पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या दशलक्षांश १२ भागांनी प्रसरण पावते. ३० मीटर लांबीची तुळई तापमानात ४० अंशांचा फरक पडल्यास १४.४ मिमीने लांबते. तिच्या टोकाला सरकता सांधा अपेक्षित असेल तर आखूड खाच अपुरी पडते, लांब खाच लागते आणि विश्लेषणात त्या दिशेचा आधार मुक्त ठेवावा लागतो. प्रारूपात टोक जखडलेले दाखवले, तर प्रति चौ. मिमी ९६ न्यूटन एवढे प्रतिबल केवळ तापमानामुळे येते. उलट, प्रारूपात टोक मुक्त दाखवून प्रत्यक्षात गोल छिद्र पाडले, तर तेच प्रतिबल कोणाच्याही हिशेबात नसताना तुळईत व आधारात उतरते. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा अधिक घातक होय.

### जोडणीचे प्रारूप

जोडणी-संकल्पनाच्या सॉफ्टवेअरमध्ये छिद्राला प्रथमच स्वतःचे स्थान मिळते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ‘फॉसी’ प्रकल्पांतर्गत विकसित झालेले ‘ऑसडॅग’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आयएस ८०० : २००७ वर आधारित आहे. त्यात वापरकर्त्याला छिद्र प्रमाण की मोठे, कडा कातरलेली की यंत्राने कापलेली, जोडावयाच्या भागांत किती अंतर आणि परिसर गंजकारक आहे काय, हे निवडावे लागते. ही निवड वर सांगितलेल्या गुणकांत आणि कडा-अंतरांत थेट उतरते. विद्यार्थ्यांना या सॉफ्टवेअरचा उपयोग असा की, एकच निवड बदलून अहवालातील कोणते आकडे हलतात हे त्यांना ताडून पाहता येते.

### सांत घटक पद्धती

या पद्धतीत पट्टीचे लहान लहान भाग पाडून प्रत्येकातील प्रतिबल काढतात. छिद्र येथे खरोखरच जाळीतील भोक म्हणून दाखवता येते. अमर्याद रुंद पट्टीतील गोल छिद्राच्या कडेला प्रतिबल तिप्पट होते, हे जर्मन अभियंता कीर्श यांनी १८९८ साली गणिताने सिद्ध केले. त्यामुळे रेषीय विश्लेषणात छिद्राच्या कडेला लाल रंगाचे मोठे आकडे दिसणे स्वाभाविक असते. नवशिक्या अभियंत्याला ते पाहून सांधा असुरक्षित वाटतो. पण संथ भाराखाली संरचनात्मक पोलाद कडेला किंचित लांबते आणि बल शेजारच्या भागांत वाटले जाते. निव्वळ छेदाच्या सूत्रात सरासरी प्रतिबल धरतात ते याच गुणधर्माच्या आधारावर. म्हणून अशा प्रारूपात पोलादाचे पराभवानंतरचे वर्तन समाविष्ट करून प्रतिबलाऐवजी विकृतीची मर्यादा पाहतात. युरोपीय मानकाच्या एका परिशिष्टात ती ५ टक्के सुचवली आहे.

पूल, क्रेनच्या तुळया व यंत्रांचे आधार यांत भार लाखो वेळा बदलतो. तेथे हे फेरवाटप कामी येत नाही. भेगेचा आरंभ छिद्राच्या कडेलाच होतो आणि तिपटीचा तो आकडा पुन्हा अर्थपूर्ण ठरतो.

बोल्ट व पट्टी एकमेकांना सलग चिकटवलेले दाखवणे ही या पद्धतीतील नेहमीची गफलत होय. खऱ्या सांध्यात दांडा छिद्राच्या एकाच बाजूवर दाबतो, दुसऱ्या बाजूला फट पडते. सलग प्रारूपात दुसरी बाजू दांड्याला ओढून धरते आणि सांधा आहे त्याहून ताठ भासतो. चेक प्रजासत्ताकातील ‘आयडिया स्टॅटिका’सारखी सॉफ्टवेअर यासाठी बोल्टला अरेषीय स्प्रिंग मानतात आणि दांड्याकडून छिद्राच्या कडेला केवळ दाबच जाऊ देतात.

### घडणीचे त्रिमितीय प्रारूप

फिनलंडमध्ये जन्मलेले ‘टेक्ला स्ट्रक्चर्स’, ‘ॲडव्हान्स स्टील’ व अमेरिकेतील ‘एसडीएस२’ ही कार्यशाळेची रेखाचित्रे काढणारी प्रमुख सॉफ्टवेअर आहेत. टेक्लामध्ये बोल्टचा गट ठेवला की तो ज्या ज्या भागांतून जातो त्या सर्वांत छिद्रे आपोआप पडतात. व्यास, मोकळीक, खाचेची लांबी व दिशा, आणि कोणत्या भागात खाच व कोणत्यात गोल छिद्र, हे गटाच्या गुणधर्मांत नोंदवतात. बोल्ट न ठेवता केवळ छिद्र पाडण्याचीही सोय असते. पायापट्टीतील अँकर बोल्टची किंवा विजेच्या नळ्यांची छिद्रे अशी दाखवतात.

या सोयीत काही धोके दडलेले असतात. बोल्टचा गट शोध घेण्यासाठी जी लांबी वापरतो ती कमी असल्यास पलीकडची पट्टी सुटते आणि तिला छिद्रच पडत नाही. ती अधिक असल्यास नको त्या पट्टीलाही छिद्र पडते. खाचछिद्र सर्व थरांना लागू राहिल्यास सांधा अपेक्षेपेक्षा जास्त सरकतो. एखाद्या ठिकाणी छिद्राऐवजी साध्या ‘काप’ आदेशाने गोल भोक पाडले, तर पटलावर ते छिद्रासारखेच दिसते, पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते छिद्र नसते. त्याचा परिणाम पुढच्या टप्प्यात दिसतो.

## यंत्राकडे जाणारी माहिती

कार्यशाळेतील संगणक-नियंत्रित यंत्रांना माहिती देण्यासाठी जर्मन पोलाद बांधकाम संघटनेने ठरवलेले ‘डीएसटीव्ही’ हे स्वरूप जगभर वापरले जाते. त्यात प्रत्येक छिद्रासाठी घटकाची बाजू, लांबीतील व रुंदीतील निर्देशांक आणि व्यास अशी एक ओळ असते. छिद्रांच्या या गटाला ‘बीओ’ हे चिन्ह आहे. छिद्र पाडणे या अर्थाच्या जर्मन शब्दाची ती पहिली अक्षरे होत. ‘काप’ आदेशाने केलेले भोक मात्र आतील बाह्यरेषा म्हणून ‘आयके’ या गटात जाते. पहिल्या प्रकारात यंत्र ड्रिल चालवते, दुसऱ्यात बहुधा ज्वाला किंवा प्लाझ्मा वापरून कापते. कापलेल्या छिद्राची कडा ड्रिलसारखी गुळगुळीत व अचूक नसते, उष्णतेने तेथील पोलादही बदलते. रेखाचित्र तपासणाऱ्याला दोहोंतील भेद दिसत नाही.

निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय आकृतीची देवाणघेवाण करताना वर्तुळाऐवजी बहुभुज पाठवला जातो. २२ मिमीच्या वर्तुळात काढलेल्या नियमित अष्टकोनाच्या समोरासमोरील बाजूंतील अंतर केवळ २०.३ मिमी भरते. अशा आकृतीवरून छिद्र मोजणाऱ्याला दोन मिलिमीटरची मोकळीक जवळजवळ नाहीशी झालेली दिसेल. म्हणून छिद्राचा व्यास आकृतीवरून न मोजता नोंदीतून घ्यावा, हा संकेत पाळतात.

## जागेवरील परिणाम

उभारणीच्या वेळी छिद्रे जुळली नाहीत की ड्रिफ्ट ठोकून भाग ओढून घेणे, रीमर फिरवून छिद्र मोठे करणे किंवा गॅस कटरने भोक वाढवणे असे उपाय केले जातात. माफक रीमिंग अभियंत्याच्या संमतीने करता येते. गॅस कटरने वाढवलेले छिद्र मात्र वाकडेतिकडे होते, त्याच्या कडेला खाचा पडतात आणि निव्वळ छेद, कडा-अंतर व दाबाचे क्षेत्र या तिन्हींचा हिशेब मोडतो. क्रेन उभी आहे, माणसे उंचावर आहेत आणि बोल्ट जात नाही, अशा घाईच्या क्षणी हा मार्ग पत्करला जातो. त्यामुळे छिद्र जुळण्याची खरी जबाबदारी कार्यालयातील प्रारूपाकडेच येते. प्रारूपात जाणूनबुजून एका थराला आखूड खाच देऊन त्याप्रमाणे बळ तपासणे हे जागेवर भोक वाढवण्यापेक्षा कधीही श्रेयस्कर असते.

## दुर्घटनांतून मिळालेले धडे

अमेरिकेत ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज हा १९२८ साली बांधलेला पूल १५ डिसेंबर १९६७ रोजी कोसळला व ४६ माणसे मृत्युमुखी पडली. पूल तोलून धरणाऱ्या साखळीतील एका पट्टीच्या टोकाशी, खिळीच्या छिद्राच्या कडेला, गंज व प्रतिबल यांच्या संयुक्त परिणामाने बारीक भेग वाढत गेली होती. सांधा सोडवल्याशिवाय ती दिसणे शक्य नव्हते. हे छिद्र बोल्टचे नव्हे तर खिळीचे होते. तथापि छिद्राच्या कडेला एकवटणारे प्रतिबल किती निर्णायक ठरू शकते, याचा तो ठळक दाखला आहे.

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलात टांगलेले पादचारी मार्ग कोसळून ११४ माणसे दगावली. मूळ कल्पनेत एकच सळई चौथ्या मजल्यावरील मार्गाच्या पेटीतुळईतून आरपार जाऊन खालच्या मार्गालाही धरणार होती. घडणीच्या वेळी त्याऐवजी दोन सळया योजल्या गेल्या आणि पेटीतुळईच्या टोकाला एकाऐवजी दोन छिद्रे आली. या बदलाने वरच्या तुळईखालील नटवर दोन्ही मार्गांचा भार येऊन तो दुप्पट झाला. दोन चॅनेल जोडून केलेल्या पेटीच्या वेल्डवरच छिद्र असल्याने पोलाद फाकले आणि नट व वॉशर त्यातून वर निसटले. कागदावर तो बदल छिद्रांच्या मांडणीतील किरकोळ फेरफार वाटला होता. त्याचे पुन्हा गणित झाले नव्हते.

## तपासणीची पद्धत

छिद्रांचे प्रारूपण तपासताना सर्वसाधारणपणे पुढील बाबी पाहतात.

* सॉफ्टवेअरमधील मानक व छिद्रांची यादी प्रकल्पाच्या मानकाशी जुळते काय.
* विश्लेषणातील निव्वळ छेदाचा गुणक प्रत्यक्ष जोडणीतील छिद्रांवरून पुन्हा काढला आहे काय.
* ड्रिल की पंच, हे ठरवून त्याप्रमाणे हिशेबातील व्यास घेतला आहे काय.
* खाचांची दिशा, त्या कोणत्या थरात आहेत आणि विश्लेषणातील आधारांशी त्या सुसंगत आहेत काय.
* छिद्राचा प्रकार बदलल्यावर कडा-अंतर, कडेवरील दाब व तुकडा निखळण्याची तपासणी पुन्हा केली आहे काय.
* यंत्राच्या संचिकेतील छिद्रांची संख्या रेखाचित्रातील संख्येशी जुळते काय.

शेवटची बाब अगदी साधी आहे, पण तिने पुष्कळ चुका सापडतात. एखाद्या पट्टीला रेखाचित्रात आठ छिद्रे आणि संचिकेत सहाच असतील, तर उरलेली दोन एक तर सुटलेली असतात किंवा ‘काप’ म्हणून दुसऱ्या गटात गेलेली असतात. सॉफ्टवेअर आकडेमोड अचूक करते. परंतु त्याला सांगितलेले छिद्र आणि पोलादात पडणारे छिद्र एकच आहे, याची खात्री करण्याचे काम अभियंत्याचेच असते.